घोंगडीचे पांढरे टाके

बाळाबाईला देशाचं काही पडलेलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं वेल्ह्याकडच्या गावांतून तिचं नाव झालं, शाळेतल्या पोरांपुढं तिला खुर्चीवर बसवलं, तेव्हा ती मान खाली घालून बसली आणि लोक म्हणाले, काय हा विनय! विनय कसला? आपण काय केलं आणि कशापायी केलं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मत्सर तिच्या पाचवीलाच पुजलेला. जावेच्या हातात नवी काकणं दिसली की हिची भाकरी तव्यावर करपायची. नवरा, सोनबा, गाईच्या पाठीवरून हात फिरवत जरा जास्त वेळ उभा राहिला तरी हिचं डोकं फिरायचं. सोनबा हसून म्हणायचा, "अगं, गाय हाय ती."

"गाय हाय म्हनूनच म्हन्ते. तिला येवढं, मग मला का न्हाई?"



बेचाळीसच्या चळवळीत सोनबानं आणि त्याच्या सोबत्यांनी कामथडीजवळ सडकेकडच्या तारायंत्राच्या तारा तोडल्या. वॉरंट निघालं तसा तो तोरण्याच्या अंगाला रानात दडून राहिला. बाळाबाई लाकडांचं निमित्त करून जायची आणि देवीच्या देवळामागच्या कपारीत भाकरी ठेवून यायची. त्याची मळकी धोतरं तिथूनच धुवायला आणायची.

एक दिवस कपारीत त्याची घोंगडी मिळाली. काठाला फाटली होती ती, बाळाबाईला ठाऊक होतं. आता ती शिवलेली होती. पांढऱ्या रिळाच्या दोऱ्यानं. टाके बारीक, एकसारखे, शाळेत शिवण शिकलेल्या बाईचे. आता घोंगडी शिवायची तर काळ्या लोकरीनं, आणि घरधन्याच्या घोंगडीला सुई लावायची ती घरच्या बाईनं, हे कुणालाही कळतं. सोनबाला तर सुईत दोराही ओवता येत नव्हता. बाळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी तिनं भाकरी ठेवली, पण चटणी ठेवली नाही.

घरी येऊन ती जी धुमसायला लागली ती थांबेना. कोण असेल? गोरी असेल? रानात त्याच्यापर्यंत पोचते म्हणजे पायांनीही चांगली असेल. शेजारणीपाशी ती नको तेवढं बोलली, शेजारणीनं पाटलाच्या बायकोला सांगितलं, आणि चिमाजी पाटलांनी ते भोर संस्थानच्या फौजदाराच्या कानावर घातलं.

हे फौजदार, रघुवीरराव, काठी उगारणाऱ्यांतले नव्हते. शिकलेले, गोड बोलणारे. त्यांचं म्हणणं असं, की मारलं की माणूस गप्प होतो आणि त्याचा भाऊही उद्या रानात जातो. त्यापेक्षा कोण कशासाठी गेला ते शोधावं. कुणी मित्रापायी जातो, कुणी अपमानापायी. ती गाठ सापडली की बंड आपोआप सुटतं. वरच्यांना हे पटवून द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यासाठी त्यांना बाळाबाई हवी होती.

चावडीत त्यांनी तिला बसायला घोंगडं दिलं. चिमाजी पाटील दाराशी उभे राहिले.

"बाई, तुझा नवरा काही वाईट माणूस नाही. आम्ही त्याला मारणार नाही. वर्ष-दोन वर्षांचा तुरुंग. तिथं तुला भेटायला जाता येईल. दुसरं कुणी जाणार नाही."

बाळाबाईच्या मनात ते थेट जाऊन बसलं. तुरुंगात सोनबा आपला एकटीचा! गजांच्या आत असेना का, पण तिथं कुणाचा पांढरा दोरा पोचणार नाही. तिच्या ओठांवर कपार आली होती. आता बोलणार, एवढ्यात फौजदारांना वाटलं, लोखंड तापलंय तर आणखी एक घाव घालावा.

"भोरातली एक मुलगी आमच्या ताब्यात आहे. कुंदा नाव. कारकुनाची लेक. तुझ्या नवऱ्याकडं निरोप न्यायची. तिला सगळं ठाऊक आहे, पण अन्नाला शिवत नाही नि ब्र काढत नाही. परक्या माणसासाठी एवढा जीव कोण टाकतं, तूच सांग!"

बाळाबाईनं उघडलेलं तोंड मिटलं.

म्हणजे ती उपाशी राहून गप्प बसणार, आणि आपण घोंगड्यावर बसून बोलणार? उद्या सोनबाला कळलं, की हिनं सांगितलं आणि तिनं नाही सांगितलं, तर? जन्मभर ती वरचढ! नुसत्या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला न्हाई ठाव, सायब."

"अगं, पण आत्ता तर..."

"तिला जेवाय घाला. मला इचारू नगा. म्या बी जेवनार न्हाई."

चिमाजी पाटलांनी कपाळावर हात मारला. पुढं किती विचारलं तरी तिच्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही, आणि शेवटी तिला सोडून दिलं. दुसऱ्या दिवसापासून, मागावर कुणी नाही ना हे बघून, ती कपारीत दोन भाकऱ्या जास्त ठेवायला लागली. चटणीसकट.

सोनबा सापडलाच नाही. पुढं वॉरंट उठलं, तो घरी आला, आणि एके दिवशी दुपारची कुंदा दारात उभी राहिली. गोरी नव्हती. पाय मात्र खरंच चांगले होते. तिनं वाकून बाळाबाईला नमस्कार केला.

"वहिनी, तुमच्यामुळं मी टिकले. खरं सांगते, मी बोलणारच होते. वडिलांची नोकरी जायची वेळ आली होती. पण फौजदार वेल्ह्याहून आले आणि मला डिवचायला म्हणाले, त्याच्या बायकोनं तोंड उघडलं नाही. मग मी कशी उघडणार? इतका हेवा वाटला तुमचा!"

 बाळाबाईला एकच गोष्ट विचारावीशी वाटली.

"ताई, घोंगडी तुमी शिवली?"

"हो, मीच," कुंदा म्हणाली आणि तिनं नजर खाली वळवली.

बाळाबाईनं तिला गूळ घालून चहा दिला, ओटीत तांदूळ घातले, वेशीपर्यंत पोचवून आली. मग घोंगडी मांडीवर घेऊन पांढरा दोरा एकेक टाका उसवायला बसली. शेजारी काळ्या लोकरीचा गुंडा ठेवला होता.

"चांगली शिवलीय की," सोनबा म्हणाला. "उसवतीस कशाला?"

"चांगली शिवलीय म्हनूनच," ती म्हणाली.