वहिनींचा कान आणि मिस्त्रींचा फोन

“आधी ऐकून घ्या, मग पाना उचला.”

वहिनी हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणत. दूधवाल्याला म्हणत, शेजारणीला म्हणत, आणि दिराला तर उठता-बसता म्हणत. ज्याच्या हातात जन्मात कधी पाना आला नाही, त्यालाही ते ऐकावं लागे. जगातली निम्मी मोडतोड न ऐकता केलेल्या दुरुस्तीनं होते, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि त्यांना ते शोभायचं, कारण त्या यंत्रांच्या वैद्य होत्या. नवऱ्याबरोबर वीस वर्षं त्या कारखान्या-कारखान्यांतून हिंडल्या. यंत्र खोलायचं आणि जोडायचं नवऱ्यानं. त्याचं दुखणं ओळखायचं वहिनींनी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या यंत्राच्या अंगाला टेकवत, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटून घेत. कळशी पाण्यात बुडावी तशा त्या आवाजात बुडत, आणि वर येताना भरून येत. “पट्टा सैल आहे.” “डावं बेअरिंग कोरडं पडलंय.” त्यांचं निदान चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

मग नवरा गेला. त्यानंतर दोन वर्षांनी एका यंत्रघरात तेलकट फरशीवरून वहिनींचा पाय सटकला आणि कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हातात काठी आली. घर तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले, रोज फिरत जा. वहिनी गॅलरीपर्यंत फिरत. “पाय साथ देत नाही हो,” म्हणत. पण यंत्रघराचं नाव निघालं की काठीच्या मुठीवरची त्यांची बोटं पांढरी पडत. दिरानं ते पाहिलं होतं. विचारलं मात्र कधी नव्हतं.

आता धंदा तोच सांभाळत होता. लोक त्याला मिस्त्री म्हणत. त्याचे हात सोन्याचे होते, पण कान दगडाचे. त्याला सगळी यंत्रं सारखीच ओरडताना ऐकू येत. म्हणून दोघांनी मिळून एक रीत बसवली होती. यंत्राजवळ गेलं की मिस्त्रीनं घरी फोन लावायचा, तो यंत्राच्या पाठीला टेकवायचा, मनात वीस अंक मोजायचे आणि मग कानाला लावायचा. पलीकडून वहिनी सांगत, तेवढंच तो खोले.

गिऱ्हाइकांना वाटे, मिस्त्री फोनमध्ये काहीतरी मोजतात. कुणी विचारलंच तर तो नुसता हसे. खोटं तो एकदाही बोलला नव्हता. खरं सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. झाकली मूठ चार वर्षं झाकलेलीच राहिली.

तो फोन जुना, बटणांचा, पाठीला रबरबँड लावलेला. सोमवारी दुपारी बेकरीत पीठ मळायच्या यंत्रावर मिस्त्री वाकला आणि वरच्या खिशातून फोन घसरून सरळ तेलाच्या डब्यात पडला. बेकरीवाल्यानं मोठ्या मायेनं तो पिठात घालून ठेवला. संध्याकाळी बाहेर काढला तेव्हा बटणांच्या फटींत घट्ट लगदा बसला होता.

“आता भाजून देऊ का?” बेकरीवाला म्हणाला.

मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याच सकाळी थंड गोदामाच्या मालकांचा निरोप आला होता. मोठा कॉम्प्रेसर दोन दिवसांपासून वेगळा वाजत होता आणि गोदाम फळांनी छतापर्यंत भरलेलं होतं. मालक बाहेरगावी होते, गुरुवारी परतणार होते. यंत्र थांबवायचं की चालू ठेवायचं, हे मिस्त्रींनी त्या सकाळी येऊन सांगायचं होतं. उगाच थांबवलं तर माल उबून जाणार. थांबवायला हवं असताना चालू ठेवलं तर यंत्रही जाणार आणि मालही.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच मिस्त्री फोनवाल्याच्या पायरीवर जाऊन बसला. फोनवाला चष्मा कपाळावर चढवून बोलणारा माणूस. समोर आलेला प्रत्येक जण आपला मेहुणाच, असं त्याचं वागणं.

“या मिस्त्री! कशासाठी हवाय? फोटो? गाणी?”

“धंद्यासाठी. आवाज चांगला हवा. बाकी काही नसलं तरी चालेल.”

“मग हा घ्या.” त्यानं काचेखालून काळा, चकचकीत फोन काढला. “भर बाजारात उभे राहून बोला. पलीकडच्याला वाटेल, तुम्ही घरात पाटावर बसलाय. इतका स्वच्छ आवाज!”

दुकानातला तो सगळ्यांत भारी फोन होता. मिस्त्रीनं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. नाकापेक्षा मोती जड होतोय हे त्याला दिसत होतं. पण गुरुवार डोळ्यांसमोर होता आणि ‘स्वच्छ आवाज’ हे शब्द कानात गोड लागत होते. त्यानं तोच घेतला.

घरी येऊन तो पायऱ्या न चढता खालच्या पाण्याच्या पंपापाशीच थांबला. पंप घरघरत होता. फोन टेकवला, वीस मोजले.

“वहिनी, काय म्हणतोय पंप?”

“चालू तर करा आधी.”

“चालू आहे.”

“थट्टा करू नका, भाऊजी. मला नुसता तुमचा श्वास ऐकू येतोय. जिना चढून आलात की काय?”

मिस्त्रीच्या पायाखालची फरशी पंपामुळे थरथरत होती. त्यानं फोन पंपाला दाबून धरला, पुन्हा वीस मोजले, मग चाळीस मोजले. पलीकडून वहिनी नुसत्या “हॅलो, हॅलो” करत राहिल्या.

वर गेला तेव्हा वहिनी खुर्चीत बसून आपल्या फोनकडे बघत होत्या. फोन मांडीवर पालथा पडला होता.

“तुमचा नवा फोन बोलतो छान,” त्या हळूच म्हणाल्या, “पण ऐकत नाही.”

मग थोड्या वेळानं, त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “भाऊजी, सगळे फोन आता असेच निघत असतील का हो? मग माझं काय काम उरलं?”

मिस्त्री शिडी घेऊन आला. बेअरिंग गेलेली एक छोटी मोटर माळ्यावर पडली होती, ती त्यानं खाली काढली आणि फडक्यात बांधून दाराशी ठेवली.

बुधवारी सकाळी फोनवाल्याच्या काचेच्या टेबलावर ती मोटर आली. “अहो, हे काय!” म्हणेपर्यंत मिस्त्रीनं वायर भिंतीत खोचलीसुद्धा. मोटर खडखडू लागली आणि काचेखालचे फोन जागच्या जागी नाचू लागले. रस्त्यावरचे चार जण आत डोकावले.

“तुमच्या भारी फोनातून ही ऐकू येत नाही,” मिस्त्री ओरडला.

“अहो, येणारच नाही!” फोनवालाही ओरडला. “तीच तर त्याची खुबी आहे. आजूबाजूची कटकट तो गाळून टाकतो आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतो.”

“त्या कटकटीवर आमचं घर चालतं!”

फोनवाला चाट पडला. पण माणूस हट्टाचा. त्यानं एकेक फोन काढला, प्रत्येकावरून मिस्त्रीच्या घरी फोन लावला, आणि वहिनींचं बोलणं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

“पहिला, वहिनी!”

“काही नाही.”

“दुसरा!”

“कुणीतरी खोकलं. मोटर नाही.”

“तिसरा!”

“थांबा.” दुकान गप्प झालं. “हा थोडा बरा. गोधडीआडून आल्यासारखी येतेय. बेअरिंग गेलंय एवढं कळतं. पण पुढचं की मागचं, ते नाही कळत.”

मोटर तशीच खडखडत होती. फोनवाल्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि मिस्त्रीकडे नीट बघितलं.

“म्हणजे ओळखतात त्या? मग तुम्ही काय करता?”

“पाने उचलतात,” दारातला एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.

मिस्त्रीचे कान तापले. आवाज टिपून मागाहून पाठवायची युक्ती फोनवाल्यानं सुचवली. पण वहिनींनी पलीकडूनच ती मोडीत काढली. “शिळ्या आवाजाला काय विचारणार? मला जरा दाबा, जरा सोडा, असं म्हणावं लागतं.” फोनवाल्यानं भारी फोन कुरकुर न करता परत घेतला आणि मिस्त्रीनं तो तिसरा फोन घेतला, थोडा बरा होता म्हणून. पण खिशात टाकताना त्याचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. आज दुकानात कळलं ते उद्या गावभर होणार होतं.

गुरुवारी सकाळी गोदामाच्या यंत्रघरात मालक स्वतः उभे होते. वर्षानुवर्षं थंड खोल्यांतून वावरलेला, मोजकं बोलणारा माणूस. कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एका चौथऱ्यावर गर्जत होती, शेजारी दुसरी जोडी चालू होती. फरशीवर तेलाची तकतकी होती. मिस्त्रीनं फोन टेकवला.

“काय येतंय, वहिनी?”

“तुटक येतंय. टकटक आहे की खरखर?”

त्यानं कान दिला. त्याला सगळा एकच गोंगाट ऐकू आला.

“भाऊजी, सांगा ना. टकटक असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करायला लावा. खरखर असेल तर घाई नाही. कोणतं?”

मालक त्याच्या तोंडाकडे बघत होते. मिस्त्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘चालू द्या’ असं म्हणून मोकळं व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं. नाहीतर ‘बंद करा’. दोन्हींतलं एक तर खरं निघेलच. शब्द ओठांवर आलाही.

“आधी ऐकून घ्या, मग...” फोनमधून वहिनींचा आवाज आला आणि अर्ध्यावरच थांबला.

मिस्त्रीनं फोन खाली घेतला.

“मालक, मला ओळखता येत नाही.”

“म्हणजे? आज येत नाही?”

“कधीच येत नव्हतं. ऐकणारी माझी वहिनी आहे. चार वर्षं तीच सांगतेय आणि मी खोलतोय. नवा फोन तिच्यापर्यंत आवाज पोचवत नाही. मला एक तास द्या.”

मालकांनी घड्याळ बघितलं. “एक तास,” ते म्हणाले. “त्यानंतर मी कंपनीची माणसं बोलावतो. मग मात्र ते काम कायमचं त्यांचं.”

तो जिना चढून घरात शिरला तेव्हा वहिनी चपला घालून दाराशीच बसलेल्या होत्या. फोन बंद करायचा राहिला होता, त्यामुळे मालकांशी झालेलं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. माणसाचं बोलणं तो फोन नीट पोचवत होता.

“एवढं खरं बोललात,” त्या म्हणाल्या, “आता हात द्या.”

साठ पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर काठी आधी, मग डावा पाय, मग उजवा. मिस्त्री घड्याळाकडे बघे आणि वहिनी पायरीकडे. रिक्षात वहिनींनी काठी मांडीवर आडवी धरून ठेवली. यंत्रघराच्या उंबऱ्याशी मात्र त्या थांबल्या. समोर फरशी चमकत होती. काठीवरची बोटं पांढरी झालेली मिस्त्रीनं पाहिली.

“वहिनी, नको असेल तर—”

“तुमचा स्क्रूड्रायव्हर द्या.”

त्यानं पिशवी चाचपली. होती ती सगळी हत्यारं प्लॅस्टिकच्या मुठीची, आवाज गिळणारी. घाईघाईत जुना लाकडी मुठीचा घरीच राहिला होता.

वहिनींनी आपल्या काठीकडे बघितलं. मग वाकून तिच्या टोकाचं रबर ओढून काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं, आणि त्याचा दंड धरून सावकाश चौथऱ्यापर्यंत गेल्या. काठीचं उघडं टोक कॉम्प्रेसरला टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. मग मोटरच्या पुढच्या अंगाला. मग मागच्या. मालक हात बांधून उभे होते.

“कॉम्प्रेसर धडधाकट आहे,” वहिनी डोळे उघडून म्हणाल्या. “मोटरचं मागचं बेअरिंग खरखरतंय. आठवडाभर काढेल. माल उतरला की ज्या दिवशी सोयीचं पडेल त्या दिवशी बदला. आज नुसतं ग्रीस भरा.”

मालकांनी खिशातून आपला फोन काढला. “पुढच्या वेळी कुणाला फोन करू?”

मिस्त्रीनं वहिनींचा नंबर सांगितला. एकेक अंक, सावकाश.

तेवढ्यात वहिनींनी मान तिरकी केली. “तो पलीकडचाही कण्हतोय की,” त्या आपल्याशीच म्हणाल्या, आणि दिराचा दंड सोडून दुसऱ्या कॉम्प्रेसरकडे एकट्याच निघाल्या.

“वहिनी, रबर!”

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. उघडं लाकूड तकतकीत फरशीवर टक-टक वाजत पुढे चाललं होतं. मालक बघत होते. एका हातात नवा फोन आणि दुसऱ्या हातात काठीचं रबर धरून मिस्त्री जागचा न हलता बघत होता, आणि जन्मात पहिल्यांदाच त्या सगळ्या गर्जनेतून त्याला एक आवाज वेगळा ऐकू येत होता.