रेड अलर्ट आणि काकूंच्या दशम्या

उभ्या नाशिक जिल्ह्यात हवामान खात्याशी वैयक्तिक वैर असलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. टीव्हीवर जिल्ह्याचा नकाशा लाल झाला की आम्ही मंडळी पंधरा ऑगस्टच्या जोडसुट्टीची हॉटेलं रद्द करून सोफ्यावर आडवे होतो आणि काकू दशम्या भाजायला घेतात. त्यांची थोरली बहीण, आक्का, हरसूलला एकटी राहायची. त्या सुट्टीत तिच्या ओसरीवर बसून दोघींनी दशम्या खायच्या, हा काकूंचा लग्नापासूनचा नेम. शिदोरी एकदा बांधली की तिची गाठ घरात सोडायची नाही, असं त्यांचं शास्त्र, त्यामुळे दशम्या फडक्यात गेल्या की प्रवास रद्द होण्याचा प्रश्नच उरत नसे. "इशारा पावसाला द्या म्हणावं, मला कशाला?" असं टीव्हीवरच्या मुलीला सुनावून त्या पायात चपला सरकवत.

एका वर्षी मी त्यांना स्टँडवर सोडायला, आणि जमल्यास परत आणायला, गेलो होतो. कंडक्टर कळवळून म्हणाला, "आज्जी, त्र्यंबकच्या पुढं दरड आलीय, रस्ता बंद हाय. नका येऊ." काकू खिडकीशी ऐसपैस बसत म्हणाल्या, "रस्ता जिथवर आहे तिथवरचं तिकीट दे. पुढचं मी बघते." दरड बाजूला झाल्यावर सुटलेल्या पहिल्या भाजीच्या पिकअपमधून त्या ओल्याचिंब हरसूलला उतरल्या आणि मला फोन केला, "पोचले. कळव तुझ्या हवामान खात्याला." खातं माझं कधी झालं, हे विचारायची सोय नव्हती. मला त्यांचा राग यायचा, काळजी वाटायची आणि खरं सांगतो, हेवाही वाटायचा.

मग आक्काचे गुडघे गेले. मुलाने तिला इथे नाशकातच, अंबडला आपल्या फ्लॅटवर आणलं आणि हरसूलचं घर विकून टाकलं. हे तिला सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही, काकूंनासुद्धा नाही.

यंदा पंधरा ऑगस्टला रेड अलर्ट होता आणि बाहेर लख्ख ऊन. काकूंना स्कूटरवरून अंबडला नेताना हरसूलची एसटी आमच्या शेजारून गेली. मागे बसलेल्या काकूंनी मांडीवरच्या दशम्या दोन्ही हातांनी धरल्या. पोचलो तर आक्का नवं लुगडं नेसून, पिशवी भरून पलंगावर बसलेली.

"तू त्या टीव्हीला कधी भीक घातली नाहीस," ती काकूंना म्हणाली. "चल, आज मला घरी घेऊन चल."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही गं आक्का. रेड अलर्ट आहे. गाड्या बंद केल्यात सगळ्या."

जन्मात पहिल्यांदाच मला हवामान खात्याचे पाय धरावेसे वाटले. आक्काने पायाशी आलेल्या उन्हाकडे बराच वेळ पाहिलं.

"असेल बाई. घाटात असेल पाऊस," ती म्हणाली.

काकूंनी भर घरात फडक्याची गाठ सोडली आणि पहिली दशमी तिच्या हातावर ठेवली.