पाणी किती फुटांवर

पावसाळ्यात सांगलीकराला एकच गोष्ट हवी असते, पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय. आमचं घर नदीकडच्या सखल गल्लीत, त्यामुळे आम्हाला तो आकडा चहाच्याही आधी लागतो. आणि गल्लीचा ग्रुप नेमका सासऱ्यांच्या फोनवर.

मी शाळेत मराठी शिकवते. उतारा समोर आला की आधी प्रश्न वाचा, मग नजर सरळ खाली सोडा, हवं ते दिसलं की थांबा, बाकीच्या मजकुराकडे ढुंकूनही बघू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. मुलं ऐकतात. सासरे नाहीत.

त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायला लागलं होतं. नवरा आष्ट्याला, नणंदेकडे सोय बघायला गेलेला. सासूबाईंनी गाठोडी बांधून उंबऱ्याशी ठेवलेली. आकडा कळला की निघायचं की थांबायचं ते ठरणार होतं. तेवढ्यात मेसेज आला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, परत पुसला आणि मोठ्यानं सुरुवात केली, "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..."

"मामा, खाली बघा. फूट लिहिलंय तेवढंच."

"थांब गं. नीट वाचू दे."

मग धरणाचा विसर्ग, मग अफवांवर विश्वास ठेवू नये, मग जनावरं सुरक्षित जागी हलवावीत. प्रत्येक वाक्यानंतर एक उसासा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उभा जन्म हळदीच्या सौद्यात काढलेला माणूस, भावाचा आकडा लांबून टिपणारा, आणि इथं जनावरांपाशी अडकून बसलेला. आमच्याकडे साधं मांजरसुद्धा नाही.

शेवटी मी फोन हातातून ओढूनच घेतला. आकडा शेवटून दुसऱ्या ओळीत होता. मागच्या पुरात स्वयंपाकघरात पाणी शिरलं, त्या आकड्याला तो टेकत आला होता.

"घावला?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो. एवढं सोपं असतं, मामा. कशाला जीव खाता?"

"मलाबी दिसला हुता. मेसेज उघडला तवाच." ते भिंतीवरच्या जुन्या पुराच्या तांबूस रेघेकडे बघत होते. "आकडा सांगितला की उठावं लागतंय गं."

मी फोन परत त्यांच्या हातात दिला.

"वाचा. पहिल्यापासून वाचा," मी म्हणाले. "तोवर मी देव काढून घेते."