पेजेचा खडू

शहापूरच्या बाजारात काळूराम शिंप्याला एकच अभिमान होता, आणि तो गिऱ्हाइकाच्या पाठीमागे असल्यामुळे गिऱ्हाइकाला कधी दिसला नाही. काळूरामच्या कोटाला पाठीच्या मधोमध शिवण नसे. अख्खी पाठ एका तुकड्याची. "पाठीला शिवण घालतो तो शिंपी नाय, गोणपाटवाला," असं तो म्हणे. ऐकायला दुसरं कुणी नसलं, म्हणजे बहुधा रोजच, तो हे मला, शाळा सुटल्यावर त्याच्याकडे काजं करायला बसणाऱ्या पोराला, ऐकवी.

असली पाठ बेतायची तर कापडावरची रेघ केसासारखी बारीक हवी. त्यासाठी तो कल्याणहून येणारा चपटा खडू वापरी आणि रोज सकाळी त्याची कड तासून घेई. चव्वेचाळीस साली लढाईपायी कापडावर कंट्रोल होता, सुया मिळत नव्हत्या, आणि हा खडू तर नावालाही उरला नव्हता.

मी त्याला शाळेतला खडू आणून दिला. त्याची रेघ बोटाएवढी जाड. "ह्या रेघेच्या आतून कापू का भायेरून?" काळूराम माझ्यावरच उखडला. "आतून कापला तर कोट पोराचा, भायेरून कापला तर बापाचा!"

मग त्यानं बायकोकडे, गोदूकाकूकडे, साबणाचा झिजलेला तुकडा मागितला.

"अंगाला साबण नाय, न तुमाला रेघा माराया पायजे? जिभेनं मारा. तेवढीच झिजंल जरा."

शेवटी त्यानं स्वतःच खडू केला. गणपती करणाऱ्याकडून शाडू आणली, बांधायला भाताची घट्ट पेज घातली, वड्या थापून उन्हात टाकल्या. पहिल्या दोन खेपा वड्या तडकल्या. तिसऱ्या खेपेला पेज वाढवली आणि खडू असा जमला की रेघ बारीक, ठळक, झटकली तरी हलेना. दिवसभर तो येणाऱ्याजाणाऱ्याला वडी दाखवत होता. "कल्याणवाला येऊन पाय धरील माजे!"

दुसऱ्याच दिवशी खर्डीकडचा विठू काळं कापड बगलेत मारून आला. त्याच्या मुलाचं, मंगळूचं लग्न ठरलं होतं, नवरी धसईची. कापड साडेतीन वार. कंट्रोलच्या दुकानापुढे चार दिवस उभं राहून मिळवलेलं. फुकट गेलं तर लग्नाआधी दुसरं मिळणं शक्य नव्हतं. काळूरामनं बरोबर आलेल्या मंगळूचं माप घेतलं, कापड पसरलं आणि कोट आखला. पाठ दोन्ही अंगांनी सारखी यावी म्हणून मधोमध एक उभी रेघही ओढली. कात्री उचलली तसा विठू ओरडला.

"हां, हां! अवस उलटू दे. नवऱ्याच्या कापडाला अवसंच्या आत कात्री लावतात व्हय?"

"अरे, आखून झालाय कोट!"

"आखायला कोन नको म्हणतो? कात्री नको."

काळूरामनं दात खात कापडाची घडी केली आणि पेटीत ठेवली.

अवस उलटल्यावर, सहाव्या दिवशी, त्यानं पेटी उघडली. झुरळांनी पेज खाल्ली होती. पेजेबरोबर कापडही. तेही इकडे तिकडे तोंड न घालता, नेमकं रेघेवरून. काखेची गोलाई तर सुरेख कुरतडली होती.

"काका, हात चांगला आहे हो यांचा," मी म्हणालो. त्यानं लोखंडी गज उचलला, म्हणून पुढचं बोललो नाही.

"पेज घातलीत ना खडूत?" गोदूकाकू डोकावून म्हणाली. "मीठ नाय घातलंत ते बरं."

तीन दिवस काळूराम झुरळांना, अवसेला, विठूला आणि लढाई करणाऱ्या सगळ्या राजांना शिव्या देत शिवत होता. शिवणीची जागाच खाल्ली गेल्यामुळे सगळ्या बाजूंनी आत घ्यावं लागलं आणि कोट आवळ झाला. पाठीवरची उभी रेघही गळ्यापासून खालपर्यंत कुरतडलेली, म्हणून मधोमध शिवण आली. कोट देताना त्यानं पाठ आत दुमडून दिली. आता पंचक्रोशीत आपलं नाव जाणार, या धास्तीनं दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. लग्नाला जायचं नाही म्हणत होता. मग बैलगाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

धसईच्या मांडवात अंतरपाट दूर झाला. मंगळूनं माळ उचलली, पण कोटानं त्याचे हात छातीच्या वर जाऊ दिले नाहीत. तो माळ घेऊन नुसता थरथरत राहिला. शेवटी नवरीच, सावळी तिचं नाव, पुढं सरकून खाली वाकली.

"बघा गो, कशी वाकली पोर! वळण म्हंतात ह्याला," बायका म्हणाल्या. विठू तर छाती काढून फिरू लागला.

काळूरामला ते सोसेना. जेवणं झाल्यावर त्यानं विठूला मांडवाच्या कडेला ओढलं. "विठू, कोटाच्या पाठीला शिवण घातली मी. मधोमध."

"मंग?"

"माज्या कोटाला नसते ती!"

"नसते?" विठूच्या अंगावर तीन वर्षांपूर्वी काळूरामनंच शिवलेला कोट होता. त्यानं मान वळवून आपल्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "म्या कदी बगितलाच नाय रे. पण बरी घातलीस. शिवणीनं मजबूत ऱ्हातं."

काळूराम विडा न घेताच गाडीकडे निघाला. मी मागोमाग गेलो. त्यानं बैलांपुढं पेंढा ओढला.

"एकानं तरी शिवी द्यायची व्हती रे," तो म्हणाला.