आमची मोटार गुहागरला गेली तेव्हा

लाज वाटण्यासारखं काही घडलं की माणूस ठरवतो, हे कुणाला म्हणून सांगायचं नाही. मग एखाद्या दुपारी चारचौघी पापड लाटायला बसतात, आणि ते नेमकं तेव्हाच तोंडातून निसटतं. बायका हसतात, म्हणतात, "अजून एक सांगा ना!" एकाला एक जोडून त्या किश्शांची अशी चळत होते. आमच्या गुहागरच्या सहलीचं तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीची गोष्ट. मोटारीत आम्ही पाच जण होतो आणि पाचांपैकी एकाचीही मान ताठ राहिली नाही!

मोटार होती नानासाहेब वकिलांची. अकोल्यात जठारपेठेत ते आमचे शेजारी. त्यांना जनावरांचा आणि पाखरांचा भारी नाद. मेळघाट पालथा घालून झाला होता, आता समुद्रावरचे गरुड आणि गादे बघायचे होते. गादे म्हणजे ते पाण्यातून उड्या मारणारे मोठाले मासे. सोबत त्यांच्या पत्नी उमावहिनी. नाताळात कोर्टाला सुट्टी तशी शाळेलाही, म्हणून आमचे हे. हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे, सगळं गाव ह्यांना 'मास्तर' म्हणायचं. चौथी मी, माहेर मोर्शीचं. आणि पाचव्या ह्यांच्या आत्या, हिवरखेडच्या.

आत्याबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी सामान घेऊन बाहेर आलो, तर त्या मागच्या सीटवर आधीच बसलेल्या! मांडीवर गाठोडं.

"आत्या, तुम्ही कुठं?" ह्यांनी विचारलं.

"काहून? समुद्र काय एकट्या वकिलाचा हाये?"

नानासाहेबांनी मुकाट्यानं मोटार सुरू केली.

*

वऱ्हाड संपून मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, लागली की नाक्यावर झडती व्हायची. शिपाई उंचापुरा, मिशा पिळलेल्या. त्यानं आत्याबाईंच्या गाठोड्याला काठी लावली. "इसमें क्या है?"

"खाऊचं हाये," आत्याबाई म्हणाल्या.

त्याला संशय आला. गाठोडं सोडलं, तर आत ज्वारीचं पीठ आणि एक घट्ट झाकणाचा डबा. कोकणात भाकर मिळाली नाही तर काय करा, म्हणून आत्याबाईंनी घरचा शिधा घेतला होता. शिपायानं डबा कानाशी नेऊन हलवला, झाकण उघडलं, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून चांगला लांब श्वास घेतला.

तिखट होतं. हिवरखेडचं!

तो जो शिंकायला लागला, तो थांबेचना. साफा धुळीत गेला, डोळ्यांतून धारा. दुसरा शिपाई धावत आला, तोही शिंकायला लागला. मी तोंडाला पदर लावला. नानासाहेब हात जोडून "माफ कीजिए, माफ कीजिए" करत होते, आणि ह्यांनी आत्याबाईंना दटावलं, "आत्या, सांगायचं तरी ना, तिखट आहे म्हणून!"

आत्याबाई शांतपणे झाकण लावत म्हणाल्या, "डबा माहा व्हता. नाक तं त्याचंच व्हतं ना?"

*

पुण्यात उमावहिनींच्या मावसबहिणीकडे मुक्काम होता. मोटारीच्या पाटीवर सी.पी., म्हणजे मध्यप्रांत, बघून त्यांनी पहिल्याच दमात विचारलं, "तुमच्याकडे हिंदीच बोलतात ना?" मी म्हटलं, नाही हो, मराठीच. आणि आपलं मराठी दाखवावं म्हणून फार जपून, एकेक शब्द तोलून विचारलं, "वहिनी, जरा प्यायला पाणी भेटेल का?"

बाई गोड हसल्या. घरातल्या दोन्ही मुली माझ्याकडे बघायला लागल्या.

"पाणी भेटत नाही हो," बाई म्हणाल्या, "पाणी मिळतं. भेटतात ती माणसं."

माझे कान तापले. मोर्शीच्या शाळेत मराठीत मी पहिली यायची! मान खाली घालून उभी राहिले. उमावहिनी तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या, जशी काही मी त्यांच्याबरोबर आलेच नव्हते.

आत्याबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आमच्या इकडं पाणी बी भेटते अन् माणसं बी भेटते. तुमच्या इथं दोन्हीचे वांदे दिसते!"

पाणी आलं. चांगलं तांब्याभर आलं.

*

गुहागरला एका सुपारीच्या बागेतल्या घरी उतरलो. घरच्या काकू फार अगत्याच्या. पाहुण्या आल्यात म्हणून त्यांनी संध्याकाळी आळीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावल्या.

उमावहिनी फुलून गेल्या. पुण्यातली कसर इथं भरून काढायची असं त्यांनी ठरवलं असावं. मधोमध पाटावर बसून सांगायला लागल्या, "आमच्या वऱ्हाडात सोवळं फार कडक हं! ओटीच्या तांदळाला दुसऱ्याचा वारासुद्धा लागू देत नाही आम्ही."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी किनाऱ्यावरून शंख वेचून आणले होते. दाखवायला म्हणून रुमालात बांधून शेजारीच ठेवलेले. त्यातला एक, चांगला लिंबाएवढा, रुमालातून बाहेर आला. दोन पावलं चालला. थांबला. पुन्हा चालला आणि सरळ ओटीच्या तांदळाच्या ताटात चढला!

उमावहिनींनी किंकाळी फोडली आणि पाटासकट मागं सरकल्या. निरांजन कलंडलं, कुंकू सांडलं. शंखाच्या आत खेकडा होता. तो तांदळात मजेत फिरत होता.

काकूंनी हलक्या हातानं शंख उचलला, दाराबाहेर ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरू नका हो. तो इथलाच आहे, आपल्यातलाच."

त्यानंतर परत अकोल्याला येईपर्यंत उमावहिनींनी सोवळ्याचं नाव काढलं नाही.

*

आता नानासाहेबांचं. ही गोष्ट त्यांच्यासमोर कुणी काढत नाही, तुम्हीही काढू नका.

सकाळी ते हॅट घालून, दुर्बीण घेऊन निघाले. वाडीच्या टोकाला सुरूच्या उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं आहे असं त्यांना कळलं होतं. आम्ही मागून रमतगमत जात होतो. ते दिसले ते असे: डोळ्याला दुर्बीण, तोंडानं सारखं चाललेलं, "वा! काय डौल आहे! वा! काय ती मान!"

झाडाच्या अलीकडं एक विहीर होती. विहिरीवर बायका आंघोळी करत होत्या, धुणी धूत होत्या.

आम्ही पोचेपर्यंत त्यांच्या पाठीशी दहा-बारा माणसं जमली होती. दोघांच्या हातात काठ्या. कोर्टात ज्यांची जीभ कधी अडखळली नाही, ते नानासाहेब नुसते हॅट काढून उभे. कसंबसं म्हणाले, "मी गरुड बघत होतो."

सगळ्यांनी वर पाहिलं. घरट्यात गरुड नव्हता. उडून गेला होता!

"असं?" एक म्हातारा म्हणाला. "मग मान कुणाची?"

नानासाहेबांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. उमावहिनी रडायच्या बेतात. तेवढ्यात आत्याबाई माणसांना कोपरानं बाजूला सारत पुढं झाल्या. "काहून मारून राहिले रे त्याले? त्याले घरी जेवताना ताटातलं मीठ दिसत नाही, बाया कुठून दिसन?"

गर्दीच्या मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. सुटाबुटातला तरुण माणूस, हातात डॉक्टरची बॅग. पुढं येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही अकोल्याकडच्या का? किती दिवसांनी कानावर आलं हे!" सरकारी दवाखान्यात त्याची नेमणूक होती. वाडीतली माणसं त्याला मानत होती. त्यानं दोन शब्द सांगितले आणि काठ्या खाली झाल्या.

मग त्याची नजर ह्यांच्यावर गेली.

"सर!" तो ओरडला, आणि वाळूत वाकून त्यानं ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ह्यांचा जुना विद्यार्थी, वसंता!

*

आता एक सांगायचं राहिलं. आमचे हे समुद्राचा धडा फार रंगवून शिकवायचे. अख्ख्या अकोल्यात त्या धड्याचं नाव होतं, शेजारच्या वर्गातले मास्तर दाराशी येऊन ऐकायचे. तरुणपणी मुंबईला असताना हे रोज समुद्रात पोहायचे, एकदा लाटेनं आत ओढून नेलं होतं, तिथून कसे परत आले, ते सगळं त्या धड्यात असायचं. लग्नानंतर मलाही ते कितीदा ऐकवलं होतं.

वसंताला तो धडा तोंडपाठ होता. रस्त्यात जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "हे आमचे सर! ह्यांच्यामुळे मला समुद्राचं वेड लागलं. म्हणून तर मी ही जागा मागून घेतली!" हे नुसते हसत होते. गुहागरला आल्यापासून समुद्राकडे जायचं म्हटलं की ह्यांचं डोकं दुखायचं, ते मला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी वसंतानं सरांच्या मानाखातर होडी ठरवली. गादे बघायला. ह्यांना नाही म्हणता येईना. आम्ही सगळे बसलो. होडी हलली तशी ह्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही.

किनारा लांब गेला. वसंता सांगत होता, "सर, तुम्ही म्हणायचे ना, समुद्र आधी कानानं ऐकायचा, मग डोळ्यानं बघायचा..." ह्यांचं लक्ष नव्हतं. हे पाण्याकडे बघत होते, एखादं लहान पोर बघतं तसं. मग हळूच वाकले, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अगं," हे मोठ्यानं म्हणाले, "खरंच खारट आहे!"

वसंता बोलता बोलता थांबला.

नानासाहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले. उमावहिनींनी पदर सारखा केला. आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, तसंच मिटलं. ह्यांची मान जी खाली गेली ती वर आली नाही. मला वाटलं, होडीनं इथंच बुडावं.

आणि नेमके तेव्हाच गादे आले. होडीच्या अगदी जवळ काळ्याभोर पाठी पाण्याबाहेर यायच्या, चकाकायच्या, परत आत जायच्या. ज्यांच्यासाठी एवढा मुलूख ओलांडून आलो, ते हाताच्या अंतरावर खेळत होते. वसंता हळूच म्हणाला, "सर, तिकडे बघा." ह्यांनी पाहिलं नाही.

परत येताना किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा वसंता कालसारखाच पाया पडायला वाकला. ह्यांनी झटकन पाय मागं घेतले.

"पाया पडू नको," हे म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "खाली बस, वसंता. तो धडा मी परत घेतो."

वसंता डॉक्टर माणूस. अंगात इस्त्रीचा कोट, पायात बूट. आसपास वाडीतली माणसं, त्यातले अर्धे त्याचे रोगी. त्यानं बॅग बाजूला ठेवली आणि ओल्या वाळूत मांडी घालून बसला.

हे समुद्राकडे पाठ करून त्याच्यासमोर उभे राहिले. हात मागं बांधलेले. घसा साफ केला.

एक लाट आली, ह्यांच्या पायांमधून पुढं जाऊन वसंताला कमरेपर्यंत भिजवून गेली. तो हलला नाही. दुसरी आली. तो तसाच वर मान करून बसलेला.

"समुद्र खारट असतो," ह्यांनी सुरुवात केली, "हे मला आजच कळलं."