दोनदा पोहे खाल्लेला मामा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या मुलीला उंचीची भीती वाटत नाही. तिला विमानात चक्कर येत नाही. ती विमान सोडून बँकेत लागणार नाही. आमच्या इमारतीतून यापूर्वी याबाबत जी माहिती देण्यात आली ती साफ खोटी असून, ती पसरवणारा इसम मीच आहे.

आता सविस्तर.

गुलमंडीच्या बाजारपेठेत माझं ब्लाउजपीस आणि अस्तराचं दुकान आहे. साडीकडे नुसतं बघून मी अस्तराचा रंग सांगतो. माणसांच्या बाबतीत मात्र माझं मॅचिंग कायम चुकतं. मुलगी प्रज्ञा पायलट आहे. बंगळुरूला राहते, एका लहानशा कंपनीची विमानं चालवते. तिची आई जाऊन पाच वर्षं झाली. चिकलठाण्याला, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर आमच्या तीन खोल्या आहेत आणि त्यांत मी एकटा. म्हणजे माणशी तीन खोल्या! एवढा ऐसपैस संसार आमच्या इमारतीत दुसऱ्या कुणाचाच नाही.

गेल्या वर्षी प्रज्ञाला एक स्थळ आलं आणि आलं तसं गेलं. मुलाकडच्यांनी खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं, "मुलगी कशी आहे हो?" तो तांदूळ तोलता तोलता म्हणाला, "काय माहीत बुवा, दिसतच नाही कधी." संपलं! आपल्याकडे मुलीच्या घरी येऊन माणसं फक्त पोहे खातात. खरी चौकशी होते ती शेजारी, किराणा दुकानात आणि इस्त्रीवाल्याकडे. हे मला ठाऊक होतं, पण मी बेसावध राहिलो होतो.

पुन्हा असं होऊ नये म्हणून मी तळमजल्यावरच्या दोन मुख्य साक्षीदारांना चहाला बोलावलं. एक कमलताई. माहेर पैठणचं, आवाज तिथल्या धरणाच्या पलीकडे जाईल असा. दुसरे शेखभाई, इमारतीखालच्या स्कूटर गॅरेजचे मालक. दोघांना भजी खाऊ घातली आणि तीन मुद्दे पाठ करून घेतले.

"एक, मुलगी स्वभावाने गरीब आहे. दोन, विमानाची हौस होती, ती फिटली. आता इथंच बँकेत लागणार. आणि तीन, वडिलांपासून अर्ध्या तासाच्या पलीकडे ती कुठं राहणार नाही."

कमलताईंनी भजं हवेत धरलं. "भाऊ, एक नंबर समजला. दोन नंबर बी समजला. पन तीन नंबर कशाला? पोराकडच्यांना सुनेचा बाप जवळ कशाला पायजे?"

"असू द्या हो," मी म्हणालो. "ऐकायला बरं वाटतं."

"कुनाला?"

मी अजून भजी आणायला आत गेलो.

त्यानंतर एकही स्थळ आलं नाही. पण साक्षीदार तयारीत होते! शेखभाई गॅरेजमध्ये पाना फिरवताना मुद्दे पुटपुटत. कमलताई जिन्यात दिसल्या की मला तीन बोटं दाखवत.

अशात एक दिवस दुकानात प्रज्ञाचा फोन आला.

"पप्पा, झाली निवड! मोठी मालवाहू विमान कंपनी आहे. मुलाखत झाली, सिम्युलेटरची परीक्षा झाली. फक्त पडताळणी राहिलीय."

"मालवाहू म्हणजे प्रवासी नाहीत?"

"नाहीत."

"मग विमानात कोण?"

"मी, अजून एक पायलट आणि मागे खोकी."

मी समोर पाहिलं. छतापर्यंत अस्तराची खोकी, आणि मध्ये मी. म्हटलं, चला, अखेर पोरगी बापाच्याच धंद्यात आली!

"राहायचं कुठं?"

"परदेशात, पप्पा. तिथूनच उडायचं." मग जरा थांबून, "सुट्टी मिळते मधूनमधून."

"वा!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या बाईंच्या हातून फॉलचं बंडल पडलं. "वा, वा, वा!" (एक 'वा' पुरला असता. उरलेले दोन मी स्वतःला ऐकवण्यासाठी काढले.)

"आणि पप्पा, आपल्या पत्त्यावर कुणीतरी चौकशीला येईल. शेजाऱ्यांना सांगून ठेवा."

मी 'हो' म्हणालो आणि कुणालाही सांगितलं नाही. नियुक्तीचं पत्र हातात येऊ दे, मग पेढ्यांबरोबरच सांगू, असा विचार केला. खरं कारण वेगळं होतं. शेजारी सांगितलं की ते पक्कं होतं, आणि मला ते आणखी थोडे दिवस कच्चं ठेवायचं होतं.

मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर कमलताई फाटकातच उभ्या. चेहरा असा, जणू लग्न ठरून वरात दारात आलीय!

"भाऊ, आला व्हता!"

"कोण?"

"पोराचा मामा! निळी फाइल, चकचकीत बूट. लई शिकलेला मानूस! म्या पोहे दिले. दोनदा खाल्ले! मागून घेतले!"

माझं काळीज सुपाएवढं झालं. "काय काय विचारलं?"

"सभाव इचारला. येसन हाय का इचारलं. पोलिस केस हाय का इचारलं. म्या म्हनलं, भाऊसाहेब, आमच्या इमारतीत पोलिस फकस्त पासपोर्टाला येतात!"

"बरोब्बर! आणि?"

"आन् मागच्या धा वर्साचे पत्ते लिवून घेतले."

इथं माझ्या आनंदाला पहिली ठेच लागली. मुलाच्या मामाला दहा वर्षांचे पत्ते कशाला हवेत? पत्रिका कुठे कुठे पाठवणार आहे हा मामा?

तेवढ्यात शेखभाई हात पुसत आले. "साळवे साब, बेफिकर रहो! मैं बोल दिया उनको, बच्ची जहाज-वहाज सब छोड रई. बँक में लगने वाली है. बाप से आधे घंटे के आगे जाती नै बोला. और मैं अपनी तरफ से एक बात और डाला."

"काय?" मी विचारलं.

"ऊपर गए तो चक्कर आते उसको! उंचाई से डरती बोला! ताकि पक्का यकीन आए कि जहाज छोडने वालीच है."

मी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलो. दोघांना वाटलं, आनंद झेपला नाही. कमलताईंनी उरलेले पोहे आणून दिले. मीही दोनदा खाल्ले.

शुक्रवारी प्रज्ञाचा फोन आला. आवाज बर्फासारखा.

"पप्पा, भरती थांबवलीय. अहवालात लिहिलंय, शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार उमेदवार हवाई सेवा सोडून बँकेत जाणार आहे. उमेदवाराला उंचीची भीती आहे. आणि..." ती वाचता वाचता अडखळली, "उमेदवार वडिलांपासून अर्ध्या तासाच्या पलीकडे राहण्यास तयार नाही. हे काय आहे, पप्पा?"

वाचकहो, खरं सांगतो. त्या क्षणी मला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. अहवाल लिहून झाला होता, पोरगी या देशातच राहिली असती, आणि दोष सगळा शेखभाईंच्या चक्करवर गेला असता. मी गप्प बसलोही. फोनमध्ये ऐकू आलं की प्रज्ञा नाक ओढतेय. सायकलवरून पडली तरी न रडणारी ही मुलगी! मग मी सगळं सांगून टाकलं. स्थळ, भजी, मुद्दा एक, मुद्दा दोन.

"आणि तिसरा?"

"तो... तो कमलताईंनी घातला."

"पप्पा."

"मी घातला."

मग ती म्हणाली, "रविवारी सकाळी तो माणूस परत येणार आहे. मी व्हिडिओ कॉलवर असेन. सगळ्यांना सांगा, खरं तेच बोलायचं."

मी लगेच दोन्ही साक्षीदारांना बोलावून चूक कबूल केली. शेखभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! वो मामा नै था?" कमलताईंना दुःख झालं ते फुकट गेलेल्या पोह्यांचं. मी हात जोडले. "आता एकच करा. तीन मुद्दे विसरा. फक्त खरं बोला."

"खरं?" कमलताईंचे डोळे चमकले. "सगळं खरं?"

मी 'सगळं' म्हणालो. इथं मी दुसऱ्यांदा बुडालो.

रविवारी निळ्या फाइलचा माणूस आमच्या बैठकीत बसला. प्रज्ञाला मी टीपॉयवर, पोह्यांच्या डब्याला टेकवून उभं केलं होतं. (म्हणजे फोनला.) गॅलरीचं दार उघडं होतं.

"उमेदवार हवाई सेवा सोडणार आहे का?" त्याने विचारलं.

"सोडती कशाची!" कमलताई गरजल्या. "दिवाळीला आली नाय! बापाच्या वाढदिवसाला आली नाय! इमान, इमान आन् इमान! लिवा!"

तो लिहू लागला.

"ईद को मैं शीरखुर्मा लेके ऊपर आया," शेखभाईंनी पुढे चालवलं. "ये अकेले बैठे थे, और टेबल पे थाली दो! मैं पूछा, कोई आने वाला है क्या? बोले, आदत है."

"हे लिहू नका," मी म्हणालो. तो लिहीत होता.

"आन् बातम्या देनारी बाई टीव्हीवर आली की ह्ये तिला इचारत्यात, अजून वाढू का? माझ्या सयपाकघरात ऐकू येतं!"

"कमलताई, प्रश्न विमानाचा आहे!"

"इमानाचंच सांगते की! पोरगी घरी नसती म्हनूनच ह्ये व्हतंय! साहेब, दुकानातून आले की ह्ये आधी सोताच्या घराची बेल वाजवत्यात. घरात कुनी नाय. मग जरा थांबत्यात. मंग कुलूप काढत्यात!"

(बेल वापरात राहिली नाही तर बिघडते. एवढंच. दुसरं काही नाही.)

निळ्या फाइलच्या माणसाने पेन थांबवलं, घसा साफ केला आणि सरळ माझ्याकडे वळला. "वडील म्हणून तुमची काही हरकत?"

याच क्षणासाठी मी इस्त्रीचा सदरा घातला होता! मी उठून उभा राहिलो. छाती पुढे काढली. "हरकत? मुळीच नाही! तिने जगभर उडावं. माझी अजिबात काळजी करू नये. मी इथं मजेत आहे. दुकान आहे, मित्र आहेत, मला एकटं वाटायला वेळ कुठाय?"

(आठ दिवसांनी नियुक्तीचं पत्र आलं, पेढे वाटले गेले, सगळं ठीक झालं. पण माझी कथा त्या रविवारीच संपली ती अशी.)

वाक्य पुरं होतंय तोच बाहेर घरघर झाली. सकाळचं विमान धावपट्टीवरून उठलं आणि आमच्या गॅलरीसमोरून वर चढू लागलं. प्रज्ञा बंगळुरूला गेल्यापासून तीन वर्षांत, घरी असताना, त्या गॅलरीतून मी एकही विमान चुकवलेलं नाही. हात हलवताना वाळत घातलेला टॉवेल झटकल्यासारखं करतो, म्हणजे कुणाला संशय येत नाही, अशी माझी समजूत होती. आज टॉवेल नव्हता. भाषण चालू असताना, सगळ्यांच्या देखत, माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि हलू लागला.

पेन थांबलेलं, शेखभाई छताकडे बघत, प्रज्ञाचा हात तोंडावर. आणि कमलताई ओरडल्या, "अहो भाऊ, हात खाली घ्या! त्या इमानात नाय ती, हितं पोह्याच्या डब्यापाशी हाय!"