कपाटावरचं बटण

सगळं हॉस्पिटल तिला सिस्टर म्हणतं, पण तिची सख्खी बहीण मी एकटीच. ती आयसीयूत नर्स, मी खालच्या लॅबमध्ये. वॉर्डांतून फिरून रक्ताचे नमुने घेणं हे माझं काम. घरी दोघींत एकच खोली आणि एकच कंगवा, त्यामुळे भांडल्याशिवाय आमचा दिवस उजाडत नसे. मध्यंतरी ताईने भांडणंच सोडलं. एकदा मी तिच्या चहात साखर घालायला विसरले. तिने तो निमूट पिऊन टाकला, कप धुतला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"नोकरी सोडावी म्हणते," एका दुपारी ती म्हणाली. "हात थरथरतात गं. माझ्या हातून कुणाचं काही बरंवाईट झालं तर?"

शाळेत असल्यापासून हिला नर्सशिवाय दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

हॉस्पिटलने नर्सेसच्या या दमणुकीवर उपाय काढला. नर्सेस वाढवा म्हणून सगळ्या घसा कोरडा करत होत्या, तर साहेबांनी प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये एक बाई आणून बसवली. ध्यानाचं ॲप! बाई मधाळ आवाजात सांगायची, श्वास आत घ्या, बाहेर सोडा. माझं डोकंच फिरलं. "त्या बाईलाच दोन पेशंट सांभाळायला सांग," मी म्हटलं. ताई हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर ती खरंच मोबाइल लावून पलंगावर मांडी घालून बसली.

संपल्यावर त्या ॲपमध्ये एक छोटी घंटा वाजते. ती वाजली मात्र, ताई ताडकन उठली, धावत भिंतीशी गेली आणि डोळे नीट उघडायच्या आत कपाटाच्या दारावर बटण शोधायला लागली. मशीनचा अलार्म बंद करायचं बटण! हाताला लागला माझा ओला टॉवेल. मी खो खो हसले. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मला वाटलं, पेशंट गेला."

"आण इकडे, ती घंटाच बंद करून टाकते."

मी उचललेला मोबाइल तिने माझ्या हातून ओढून घेतला. "राहू दे. तिच्यासाठीच बसणार आहे मी."

आणि ही बया रोज बसायला लागली. घंटा वाजली की हात उठायचा, हवेत थांबायचा, मग सावकाश मांडीवर परत यायचा. वाजलं म्हणजे दर वेळी कुणी मरत नसतं, एवढंच ती हाताला शिकवत होती. याने काय होणार, कप्पाळ, असं मी मनात म्हणायचे.

मग एका सकाळी मी आयसीयूत रक्त घ्यायला गेले. ताईच्या पेशंटची, एका म्हाताऱ्या शिंप्याची, घशातली नळी नुकतीच काढली होती. बाबा धापा टाकत तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढत होते आणि डोक्याशी मॉनिटर केकाटत होता. मी सुई ट्रेमध्ये परत ठेवली. ताईने आधी आकडे वाचले, मग त्यांचे ओठ, नखं पाहिली. ऑक्सिजन ठीक होता. होती ती नुसती भीती. तिने आवाज बंद केला आणि त्यांच्या छातीवर तळवा ठेवला.

"बाबा, माझ्याकडे बघा. मी घेते तसा श्वास घ्यायचा. घाई नाही."

मशीन पुन्हा केकाटलं. तिचा दुसरा हात वर गेला, बटण दाबून खाली आला, पण छातीवरचा तळवा जागचा हलला नाही. थरथर नावालाही नव्हती. बाबांचा श्वास हळूहळू तिच्या श्वासाबरोबर चालायला लागला. माझाही. त्यांनी मास्क सोडला आणि तिचं बोट धरलं. कंगव्यावरून जिच्या झिंज्या उपटायला मी निघते, ती हीच? माणसाच्या हातात एवढं असतं?

"बघतेस काय? रक्त घे," ती म्हणाली.

नर्सेस अजून तेवढ्याच आहेत, आणि साहेबांना मी मुळीच माफ केलेलं नाही. पण त्या संध्याकाळी मी चहा केला आणि मुद्दाम साखर न घालता तिच्यापुढे ठेवला. ताईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हा चहा आहे का काढा? एक काम धड येत नाही तुला! आणि उद्या लवकर उठव, सकाळची ड्यूटी आहे."

साखरेचा डबा घ्यायला म्हणून मी ओट्याकडे वळले आणि तिच्याकडे पाठ करून डोळे पुसले.